व्हॅन घ्यायची ती पहाटेसाठी

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातलं जोडपं, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. बाईंना पक्ष्यांचं वेड, यजमानांकडे तारे बघायची आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण, नववीतला मुलगा गळ टाकून तासन्‌तास बसणारा. सेकंडहँड मारुती ईको घेऊन तिची कॅम्परव्हॅन करायची म्हणतात. आत काय बसवावं, रात्री कुठे थांबावं आणि मुळात एवढा खर्च वसूल होतो का, असं विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं. पैशांत मोजाल तर वसूल होत नाही. मी नऊ वर्षं ईकोच वापरतोय. वर्षाला वीस-बावीस रात्री गाडीत निघतात. तेवढ्याच रात्री गावोगावी घरगुती मुक्कामाला काढल्या असत्या तर स्वस्त पडलं असतं, वर सकाळी आयते पोहे मिळाले असते. तरी मी गाडी विकत नाही ते पहाटेपायी. पक्षी, तारे, मासे, तुमच्या घरातल्या तिन्ही छंदांची खरी वेळ म्हणजे सूर्योदयाच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा दीड तास. पुण्याहून चारला निघून ती गाठता येत नाही असं नाही, पण पोचेपर्यंत डोळे चोळण्यातच निम्मी संपते. व्हॅन असली की तुम्ही रात्रीच तिथे असता. बाकी सगळं, गादीपासून बॅटरीपर्यंत, या एका हिशेबावरून ठरवा.

भिगवणचं उदाहरण घेऊ, कारण तुम्हाला जवळ आहे आणि तिघांचं एकदम जमतं. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. उजनी धरणाचा फुगवटा, कुंभारगाव आणि डिकसळच्या बाजूने नावा निघतात. नाववाले बहुतेक पूर्वापार मासेमारी करणारे, पक्षी आपल्यापेक्षा चांगले ओळखतात. लोक दिवाळीच्या सुट्टीत जातात आणि रोहित (फ्लेमिंगो) दिसले नाहीत म्हणून कुरकुरत परत येतात. पाऊस चांगला झाला असेल तर उजनी तेव्हा काठोकाठ भरलेली असते. रोहित पक्ष्याला उथळ पाणी आणि चिखल लागतो, तो वर यायला धरण उतरावं लागतं. म्हणून जानेवारीचा शेवट ते मार्च. पट्टकादंबही (बार-हेडेड गूज) जानेवारीत हमखास असतात आणि चित्रबलाक (पेंटेड स्टॉर्क) तर आहेतच.

जानेवारीच्या शेवटची, अमावस्येच्या आसपासची एक रात्र माझ्या वहीतून सांगतो. संध्याकाळी पाचला पोचलो. साडेआठला झोपलो. साडेचारला उठलो तेव्हा त्रिशंकू (सदर्न क्रॉस) हा तारकासमूह दक्षिणेला बरोबर उभा होता, क्षितिजापासून जेमतेम दहा-बारा अंशांवर. सव्वापाचपर्यंत ओमेगा सेंटॉरी वर आला. हा तारकागुच्छ आपल्या अक्षांशावरून जास्तीत जास्त चोवीसेक अंशांपर्यंत चढतो, युरोपातल्या बहुतेक हौशी मंडळींना तो दिसतच नाही. आठ इंची दुर्बिणीतून साखर सांडल्यासारखा दिसतो. पावणेसहाला पूर्वेकडे फटफटायला लागलं, दुर्बीण गुंडाळली, चहा टाकला आणि साडेसहाला नावेत बसलो. आकाश आणि पक्षी, मध्ये फक्त एक चहा. घरून निघून हे मला कधी जमलं नसतं. एक सांगून ठेवतो, नैर्ऋत्येला बारामतीचा उजेड दरवर्षी वाढतोय. अगदी काळं आकाश हवं असेल तर विदर्भातल्या पेंचला जा. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. पण तो आठवड्याच्या सुट्टीचा बेत आहे, शनिवार-रविवारचा नाही.

आता गाडी. माझा पहिला सल्ला तुमच्या सुताराला आवडणार नाही: मधली सीट काढू नका. एक तर मुलाला बसायला पट्ट्यासकट जागा लागेल. दुसरं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत केलेला बदल हा परवानगीचा विषय आहे. सीट काढणं, छत उंच करणं, बॉडीला बोल्ट मारून कपाटं बसवणं हे सगळं त्यात येऊ शकतं. रस्त्यावर कुणी अडवेल की नाही हा वेगळा मुद्दा, पण अपघात झाला आणि न कळवलेला बदल विमा कंपनीच्या डोळ्यांवर आला तर दावा अडकतो. कारखान्यातूनच मोटर कॅराव्हॅन म्हणून मंजूर होऊन आलेल्या गाड्यांसाठी वेगळं मानक आहे, एआयएस-१२४, पण त्या गाड्यांच्या किमती आपल्यासारख्यांच्या आवाक्यातल्या नाहीत. त्यामुळे मी गाडीला एकही भोक पाडलेलं नाही. माझा पलंग हे सामान आहे. मधल्या सीटची पाठ पाडायची, मागच्या जागेत तेवढ्याच उंचीच्या दोन पेट्या ठेवायच्या आणि वरून १२ मिमी मरीन प्लायच्या बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या अंथरायच्या. गादी चार इंची, तीन घड्यांची. माझी उंची पाच फूट आठ इंच, मला पाय थोडे तिरके करावे लागतात. प्लाय कापायच्या आधी गाडीत पुठ्ठा अंथरून स्वतः झोपून बघा, मी ते केलं नव्हतं आणि पहिली फळी आता आमच्याकडे इस्त्रीचं टेबल आहे.

तिघं ईकोत झोपणार नाहीत. दोघं आत आणि मुलगा बाजूला छोट्या तंबूत, त्यालाही तेच आवडेल. अपवाद जुन्नर, आंबेगाव, शिरूरचा ऊसपट्टा. तिथे बिबट्या उसातच राहतो आणि तंबू हा कापडाचाच असतो. त्या भागात एक तर तिसऱ्याने पुढच्या सीटवर अवघडून झोपायचं, नाही तर सरळ खोली घ्यायची. रात्री दुर्बिणीपाशी एकट्याने उभं राहणंही तिथे नको.

ईको घेताना कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट म्हणजे इंजिन पुढच्या सीटच्या खाली आहे. दोन-अडीच तास गाडी चालवून पोचलात की सीट तापलेल्या तव्यासारखी असते आणि ती ऊब तासभर आत येत राहते. डिसेंबरात बरं वाटतं, मार्चमध्ये झोप लागत नाही. म्हणून पोचल्या पोचल्या चारी बाजू उघडायच्या, सीटखालचं झाकण मोकळं करायचं आणि जेवण बाहेर करायचं. दुर्बीण गाडीपासून पंधरा-वीस पावलं दूर लावा, नाहीतर त्या गरम हवेतून गुरूसुद्धा उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. दुर्बिणीचा आरसाही बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला पाऊण तास द्या. नळी प्रवासात गादीच्या घडीत गुंडाळून आडवी येते. झोपताना ती पुढच्या सीटवर तिरपी ठेवून पट्ट्याने बांधतो.

पहिल्या हिवाळ्यात मी एक मूर्खपणा केला. थंडी वाजते म्हणून सगळ्या काचा घट्ट लावून झोपलो. सकाळी छताच्या पत्र्यावरून थेंब टपकत होते, गादीची कड ओली. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून अर्ध्या लिटरहून सहज जास्त पाणी सोडतात, ते जाणार कुठे? गादी उन्हात वाळली. पण कॅमेऱ्याची लेन्स त्याच ओलसर पिशवीत आठवडाभर राहिली आणि आतून बुरशीची जाळी धरली. साफ करायला गेलेले पैसे आठवले की अजून पोटात गोळा येतो. तेव्हापासून थंडी कितीही असो, पुढच्या दोन्ही काचा दोन-दोन बोटं खाली आणि त्यांना चुंबकपट्टीची मच्छरजाळी. मागच्या बाजूला छोटा पंखा, तोंड बाहेरच्या दिशेने. लेन्स आणि दुर्बिणीच्या नेत्रिका (आयपीस) घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर. जेल दर महिन्याला कढईत भाजून घ्यायचं. जास्त थंडीला जाड रजई आहेच. शेगडी किंवा निखारे ऊब घ्यायला कधीही आत आणू नका, अगदी काच उघडी ठेवूनसुद्धा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. स्वयंपाक नेहमी मागचं दार वर उचलून त्याच्या सावलीत, जमिनीवर पाय ठेवून.

विजेचा हिशेब लोक फार मोठा करून ठेवतात. आमच्या एका रात्रीचा सांगतो: २० वॉटचा पंखा आठ तास म्हणजे १६० वॉट-तास, दोन फोन ३०, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या ४०, दिवे १०. दुर्बिणीला दव धरू नये म्हणून दहा वॉटची तापपट्टी सहा तास, आणखी ६०. एकूण तीनशेच्या आसपास. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॉट-तास देते. म्हणजे सोलरशिवायच तीन रात्री आरामात, आणि तुमचा मुक्काम बहुधा एकाच रात्रीचा. हे गणित फ्रिज बिघडवतो. तो एकटाच दिवसाला चारशे खातो, मग मोठी बॅटरी, मग छतावर पॅनल, मग त्या पॅनलसाठी गाडी उन्हात उभी करायची आणि आत भाजून निघायचं. आम्ही बर्फाचा डबा नेतो. पॅनल हवंच असेल तर घडीचं घ्या आणि पाच मीटर वायर ठेवा, गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात. गाडीच्या मूळ बॅटरीवर मात्र काहीही लावू नका. पहाटे गाडी सुरू झाली नाही की माळरानावर ढकलायला कुणी नसतं.

पक्ष्यांसाठी व्हॅनचा आणखी एक उपयोग आहे आणि बाईंना तो सगळ्यात आवडेल. पक्षी माणसाला घाबरतात तेवढे उभ्या गाडीला घाबरत नाहीत. इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामतीजवळचं शिर्सुफळ इथे वनविभागाने गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे, नोंदणी करून वाटाड्या घेऊन जाता येतं. चिंकारा, धाविक आणि पखुर्डी हे जमिनीवरचे पक्षी, हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी आणि नशीब असेल तर लांडगा. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य तर पाच चौरस किलोमीटरचंच, पण सकाळी तिथे जे दिसतं ते मोठ्या जंगलात दिसत नाही. रस्ता सोडून गाडी गवतात घालायची नाही. धाविक, टिटवी, चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात, ती चाकाखाली कधी गेली ते कळतही नाही. रस्त्याच्या कडेला थांबा, इंजिन बंद करा आणि बाजूचं सरकतं दार आधीच उघडून ठेवा. ते दार धाडकन वाजतं, एकदा वाजलं की अर्धा तास गेला. मी दारात जाळी लावून मागे बसतो. कॅमेरा टेकवायला पायजम्याच्या कापडाची पिशवी, दोन किलो राजमा भरून. मुक्काम वाढला तर राजमा उपयोगी पडतो असं मी बायकोला सांगतो, अजून वेळ आलेली नाही.

मुलाच्या गळाचं फार लांबवत नाही, मला त्यातलं कमी कळतं. धरणांवर आणि तलावांवर मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी स्थानिक सहकारी संस्थांकडे दिलेले असतात, तेव्हा काठावर बसण्याआधी गावात विचारा. कोकणात याला गरवणं म्हणतात आणि खडकावरून गरवणाऱ्याला सहसा कुणी अडवत नाही. दांडी दोन तुकड्यांची घ्या, छताच्या हँडलांना नाड्या बांधून त्यात आडवी राहते. आमिषाचा डबा मात्र गाडीच्या बाहेर. हा नियम मोडणाऱ्याबरोबर मी एकदा दापोलीहून परत आलोय.

समुद्रावर जाणार असाल तर भरतीची वेळ तोंडपाठ हवी. कोकणातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाने शिकवलेला हिशेब अजून चुकलेला नाही. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. प्रतिपदेपासून पंधरापर्यंत मोजायचं, दोन्ही पक्षांत तसंच. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, म्हणून तिथीची पाऊणपट बसते. अर्धा तास इकडेतिकडे होतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी सगळ्यात वर येतं. नेमक्या त्याच अमावस्येला तुम्ही तारे बघायला गेलेले असता, म्हणून हे तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं. गाडी वाळूत घालू नका, हे वेगळं सांगायला नको. ईकोला ओढ मागच्या चाकांची, कोरड्या वाळूत ती स्वतःच खड्डा खणून बसते. मग ट्रॅक्टरवाला येतो आणि पाणी किती वर आलंय ते बघून भाव सांगतो. मी दोनदा दिलेत.

रात्री कुठे थांबायचं? रानात एकटं गाठलेलं ठिकाण फोटोत चांगलं दिसतं, झोप लागत नाही. माझी पसंती शेतकऱ्याच्या अंगणाला किंवा खळ्याला. उजेड असताना पोचायचं, आधी उतरून "रामराम, एक रात्र गाडी लावू का" विचारायचं. कुठून आलात, कशासाठी, हे मोकळेपणाने सांगायचं. निघताना पैसे हातात ठेवले तर बरेच जण घेत नाहीत, मग त्यांच्याकडची भाजी, अंडी, गूळ काय असेल ते भावाने विकत घ्यायचं. दुर्बिणीतून पोरांना शनी दाखवला तर पुढच्या वेळी जेवायला थांबवतात. देवस्थानाच्या भक्तनिवासाचं आवार आणि ट्रकवाल्यांचा मोठा ढाबा हेही चांगले पर्याय, पण ढाब्यावर रात्रभर दिवे, म्हणजे तारे नाहीत. धरणाच्या भिंतीजवळ आणि वनविभागाच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करायचा नाही. गोव्यात जाल तर उघड्यावर चूल किंवा स्टोव्ह पेटवू नका, पर्यटनस्थळी कायद्याने बंदी आहे आणि दंड होतो.

शेतात झोपलात की रात्री दोनला टॉर्च घेऊन कुणीतरी चालत येईल. घाबरू नका. शेतीपंपाची लाईट पाळीपाळीने येते, रात्रपाळी असली की मालक दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला उठतो. मी पहिल्यांदा काठी घेऊन बाहेर आलो होतो. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त दचकला. दिवस मावळल्यावर गाडी चालवणं मात्र टाळा. गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत, इंदापूर-बारामतीकडच्या रस्त्यांवर उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर असतात आणि मागे लाल दिवा तर सोडाच, साधा चमकणारा कागदही नसतो. माझ्या नऊ वर्षांतला सगळ्यात वाईट क्षण बिबट्याचा नाही, अशाच एका ट्रेलरचा आहे.

संडासाचा प्रश्न सगळे शेवटी आणि हळू आवाजात विचारतात. झोपायची जागा पेट्रोलपंपापासून दहा मिनिटांच्या आत ठेवा, पंपावरचं स्वच्छतागृह वापरायला पैसे लागत नाहीत. बाकी एक खुरपं आणि २० लिटरचा पाण्याचा कॅन. बादलीवजा पोर्टेबल टॉयलेट मी घेतलं होतं, दोन खेपांनंतर माळ्यावर गेलं.

गाडी घेण्याआधी एक करा. सध्याची जी गाडी आहे तिच्या मागच्या सीट पाडून, घरातली गादी टाकून, जानेवारीत एक रात्र भिगवणला काढा. मुलाला तंबूत. साडेचारचा गजर लावा आणि कोण उठतं ते बघा. तिघांपैकी दोघं उठले तर ईको बघायला मला बोलवा, चेसिसचा गंज कुठे बघायचा ते दाखवतो. आणि त्या रात्री गाडीच्या आतल्या दिव्यावर लाल जिलेटीन कागद दुहेरी चिकटवायला विसरू नका. दार उघडलं की तो दिवा लागतो, एकाचे अंधाराला सरावलेले डोळे वीस मिनिटं मागे जातात आणि दुर्बिणीपाशी भांडण होतं. कागद स्टेशनरीवाल्याकडे मिळतो. नाही मिळाला तर चॉकलेटचं लाल वेष्टन चालतं, माझं पहिली दोन वर्षं तेच होतं.